पहिले बारा बाइट

नोव्हेंबरच्या तीस तारखेला, भरतीचं पोर्टल बंद व्हायला पन्नास मिनिटं उरली असताना, देवानंद तेलगोटेनं रागिणी उंबरकारच्या फोटोच्या फाइलचं नाव बदललं. या कामाला त्याला दोन सेकंद लागले. अशी नावं तो रोजच बदलत असे, त्यामुळे ते त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पुलावरून उतरून बाजाराकडे वळलं की त्याचं दुकान लागतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीला टेकवलेला बाक, कपाटावर बुद्धाची वीतभर मूर्ती. एका कॉम्प्युटरवर देवानंद बसतो, दुसऱ्यावर त्याची बायको गीतांजली. दाखले, शिष्यवृत्त्या, नोकरीचे अर्ज, सगळं इथे भरून मिळतं. तो रविवार होता, तरी सकाळपासून तेवीस अर्ज भरून झाले होते आणि बाकावर अजून सहा माणसं बसली होती.

रागिणी माती परीक्षणाच्या एका प्रयोगशाळेत चौदा वर्षं कंत्राटावर राबत होती. शेतातून आलेले मातीचे नमुने नोंदवायचे, वाळवायचे, चाळायचे. आता त्याच कामाच्या कायम जागा निघाल्या होत्या. तिचं वय बेचाळीस. मे महिन्यात त्रेचाळीस पूर्ण झाले की वयाची अट आडवी येणार होती, आणि या जागा आधी निघाल्याला अकरा वर्षं झाली होती. यानंतर पुन्हा अर्ज नाही, हे तिला माहीत होतं, तिच्या वडिलांना माहीत होतं आणि देवानंदलाही माहीत होतं.

तिनं आणलेला स्टुडिओतला फोटो निळ्या पडद्यासमोरचा होता, अर्जाला पांढरा पडदा हवा होता. तिचे वडील वामनराव सोबत होते. पाऊणशेच्या घरातला माणूस, शहराबाहेर दीड एकरात शेवंती आणि झेंडू पिकवणारा. रविवारी स्टुडिओ बंद म्हणून त्यांनी रागिणीला घरी नेलं, दिवाळीचं नवं कोरं धोतर भिंतीवर खिळ्यांना ताणून बांधलं, तिला त्याच्यासमोर उभं केलं आणि आपल्या मोबाइलवर फोटो काढला. अर्ध्या तासात दोघं परत आले.

फोटो चांगला होता. फक्त धोतराच्या घड्या मागे दिसत होत्या. देवानंदनं तो फोटो मागची बाजू पुसून देणाऱ्या एका वेबसाइटवर टाकला. घड्या गेल्या, फाइल लहान झाली, पण उतरली ती डॉट वेबपी या नावानं. पोर्टल म्हणालं, फक्त डॉट जेपीजी. नेट रडत होतं, मागे सहा माणसं होती. देवानंदनं एफ-टू दाबलं, नावाच्या शेपटीची चार अक्षरं खोडली, तिथे जेपीजी टाइप केलं आणि फाइल पुन्हा चढवली. पोर्टलनं निमूट घेतली. फोटो पडद्यावर दिसला, अर्जाच्या प्रिंटवरही स्वच्छ आला.

वामनरावांनी प्रिंट हात लांब करून पाहिली आणि विचारलं, "मायं धोतर कोठी गेलं?"

सगळा बाक हसला होता. देवानंदही.

नऊ जानेवारीला, शुक्रवारी, अपात्र अर्जांची यादी लागली. रागिणीच्या नावापुढे दोनच शब्द होते, छायाचित्र अवैध. खाली सूचना होती की हरकती पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत अमरावतीच्या विभागीय कार्यालयात लेखी द्याव्यात.

ती त्याच दुपारी वडिलांना घेऊन आली. देवानंदनं यादी पाहिली, तिची प्रिंट पाहिली आणि अशा वेळी काउंटरवरून जे बोललं जातं ते बोलला. घरच्या मोबाइलचा फोटो होता, तो चालत नाही, मी तेव्हाच म्हटलं होतं की स्टुडिओतून काढा. असं तो म्हणाला नव्हता. पण वाक्य इतक्या सहज तोंडातून गेलं की ऐकता ऐकता त्यालाही ते खरं वाटलं. रागिणीनं मान वळवून वडिलांकडे पाहिलं. वामनराव भिंतीकडे बघत होते.

सोमवारी देवानंद अमरावतीला गेला. विभागातल्या, त्याच्यासारख्या अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. या भरतीत तीनशे बारा अर्जांचे फोटो कोरे आले होते, त्याबद्दलच होतं. मूर्तिजापूरपर्यंत त्याला बसमध्ये उभं राहावं लागलं. सभागृहात शंभरेक माणसं होती, चहा थंड होता आणि बहुतेकांना वाटत होतं की नेहमीसारखं हजेरीपुरतं काहीतरी असेल.

पोर्टलचं तांत्रिक काम बघणाऱ्या कक्षातल्या रश्मी गावंडे बोलायला उभ्या राहिल्या. तिशीच्या, हळू आवाजाच्या. त्यांनी भाषण केलं नाही. एक फोटो पडद्यावर दाखवला, मग तीच फाइल एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. फोटो नाहीसा झाला. डाव्या बाजूला आकड्या-अक्षरांच्या जोड्यांच्या ओळी आणि उजव्या बाजूला त्यांची जमतील तेवढी अक्षरं.

कॉम्प्युटरला फोटो असा दिसतो, त्या म्हणाल्या. प्रत्येक जोडी म्हणजे एक बाइट. फाइलला नाव आपण देतो, पण ती कोणत्या जातीची आहे हे तिच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं आणि नाव बदलल्यानं ते बदलत नाही. खरी जेपीजी असेल तर पहिले तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ. पीएनजी असेल तर आधी ८९ आणि मग उजवीकडे सरळ पी, एन, जी ही अक्षरं वाचता येतात. जीआयएफ असेल तर पहिलीच तीन अक्षरं जी, आय, एफ. आणि वेबपी असेल तर आर, आय, एफ, एफ, मग फाइलची लांबी सांगणारे चार बाइट, मग डब्ल्यू, ई, बी, पी. एकूण बारा बाइट. एवढं बघितलं की फसायला होत नाही.

मूर्तिजापूरचा नितेश म्हणून एक केंद्रचालक होता, त्यानं बसूनच विचारलं की मग पोर्टलनं घेतलं काहून, अन् आमाले फोटो दिसला कसा. रश्मीबाईंनी मान्य केलं की पोर्टल फक्त नाव वाचतं, ती त्यांच्याकडची उणीव आहे आणि दुरुस्ती चालू आहे. ब्राउझर मात्र नाव बघत नाही, आतले बाइट बघतो, म्हणून तुम्हाला फोटो दिसतो आणि तुम्ही निर्धास्त होता. प्रवेशपत्र छापणारं सॉफ्टवेअर नावावर विश्वास ठेवतं, जेपीजी समजून उघडायला जातं आणि तिथे कोरा चौकोन छापतं.

"मंग तुमीच एफ-टू दाबून नाव नीट करून घ्या ना मॅडम," नितेश म्हणाला. सभागृहात हशा झाला.

उमेदवाराच्या फाइलला कार्यालय हात लावू शकत नाही, त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं.

तो व्हॉट्सॲपवरचा एक निरोप होता, पाठवणाऱ्याचं नाव पुसलेलं. फाइल चढत नसल्यास एफ-टू दाबा, मागचं खोडा, जेपीजी टाका, बिनधास्त चढते. शेवटी ट्रॅक्टरचं चित्र. हा निरोप विभागाच्या पाचही जिल्ह्यांत फिरलाय, रश्मीबाई म्हणाल्या, कोणी सुरू केला माहीत नाही.

देवानंदला माहीत होतं. ट्रॅक्टरचं चित्र तोच टाकत असे. दोन वर्षांपूर्वी केंद्रचालकांच्या ग्रुपवर त्यानं हा निरोप लिहिला होता आणि त्याखाली सदतीस अंगठे आले होते. ते त्यानं गीतांजलीला मोजून दाखवले होते.

शेजारी बसलेल्या माणसानं त्याला कोपर मारलं. "कोण हाय हा महाभाग?"

देवानंद हसला. आपण हसलो हे त्याला परतीच्या बसमध्ये, बडनेरा मागे पडल्यावर, पुन्हा आठवलं आणि तो खिडकीबाहेर बघत बसला.

शेवटी नियम सांगितला गेला होता. चूक उमेदवाराकडून झाली असेल तर हरकत मान्य होणार नाही. केंद्रानं लेखी कबूल केलं की फाइल आम्ही बदलली, आणि मूळ फोटो सादर केला, तर उमेदवाराला फोटो पुन्हा चढवता येईल. अशा केंद्राचा आयडी सहा महिने बंद राहील, म्हणजे तोवर तिथून एकही अर्ज भरता येणार नाही.

मंगळवारी सकाळी गीतांजली यायच्या आधी देवानंदनं दुकान उघडलं. शटरच्या कडीला नेहमीप्रमाणे प्लास्टिकची छोटी पिशवी अडकवलेली होती, आत मूठभर शेवंती. मंडईत माल टाकायला जाताना वामनराव ती रोज ठेवून जात, मूर्तीसाठी. यादी लागल्यानंतरही एक दिवस चुकला नव्हता.

त्यानं पिशवी टेबलावर ठेवली आणि तीस नोव्हेंबरचा फोल्डर उघडला. देवानंद काही पुसत नसे. आलेली फाइल आणि पाठवलेली फाइल, दोन्ही नावानिशी ठेवलेल्या असत. अमरावतीहून आणलेलं सॉफ्टवेअर त्यानं सुरू केलं आणि आधी वामनरावांनी काढलेला फोटो उघडला. एफएफ, डी८, एफएफ. अस्सल जेपीजी. मग पोर्टलवर चढवलेली फाइल. ५२, ४९, ४६, ४६. उजवीकडे आर, आय, एफ, एफ, मग चार न वाचता येणारी चिन्हं आणि मग डब्ल्यू, ई, बी, पी.

त्यानं दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. म्हाताऱ्याच्या मोबाइलमधून आलं ते चोख होतं. ते देवानंदच्या हातातून गेलं तेवढ्यात बिघडलं होतं.

त्याच फोल्डरमधल्या इतर फाइली त्यानं उघडून पाहिल्या. त्या दिवशीच्या आणखी पाच अर्जांचे पहिले बाइट तेच निघाले. त्यातले दोघं शनिवारी येऊन गेले होते. त्यांनाही त्यानं तेच सांगितलं होतं, फोटो खराब.

दहा वाजता वामनराव आले. एकटेच. बाकावर न बसता काउंटरशी उभे राहिले. रागिणी बोलत नाही, ते म्हणाले. ताट वाढते, डबा भरून घेते, कामावर जाते, पण शुक्रवारपासून तिच्या तोंडून त्यांच्यासाठी शब्द निघालेला नाही. मग त्यांनी खिशातून वहीचा घडी केलेला कागद काढला. हरकतीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहून आणला होता, तो टाइप करून हवा होता.

"यात असं टाका भाऊ, का चूक बापाची हाय. पोरीनं स्टुडिओचा फोटो आणला होता. म्याच धोतर लावलं अन् म्याच मोबाइलवर काढला. मले त्यातलं काई समजत नाई. शिक्षा मले द्या, पोरीची जागा जाऊ देऊ नका."

देवानंदनं कागद घेतला. पेन्सिलीनं लिहिलेल्या नऊ ओळी होत्या. धोतराला घड्या राहिल्या, इस्त्री करावयास पाहिजे होती, हेही त्यात होतं.

या क्षणी सांगता आलं असतं. दोन्ही खिडक्या अजून पडद्यावर होत्या, पडदा फक्त वळवायचा होता. देवानंदनं त्या खाली केल्या आणि टाइप करायला घेतलं. त्यानं शुद्धलेखन नीट केलं, समास सोडला, विषयाची ओळ ठळक केली. चूक उमेदवाराकडून झाल्याचं लिहून दिलं की हरकत तिथेच संपते, हे त्याला चोवीस तासांपूर्वी सांगितलं गेलं होतं. म्हणजे बाप स्वतःच्या हातानं मुलीचा अर्ज बुडवत होता आणि देवानंद त्याला अक्षराचा आकार वाढवून देत होता, चौदा, ठळक. वामनरावांनी प्रिंटवर वळणदार सही केली. गुरुवारी सकाळच्या बसनं दोघं अमरावतीला जाऊन देऊ, असं त्यांनी सांगितलं.

"तुमचे लई उपकार झाले," ते म्हणाले.

दिवसभर देवानंदनं त्या टेबलावरच्या फुलांकडे पाहिलं नाही. मूर्तीपुढे कालची तशीच राहिली.

बुधवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. गीतांजली प्रिंटरचा कागद बदलत होती तेव्हा तिला ट्रेच्या मागे त्या अर्जाची दुसरी प्रत सापडली. तिनं ती उभ्यानं वाचली, मग बसून पुन्हा वाचली. धोतर ताणून काढलेला फोटो तिनंही पाहिला होता. तिनं विचारलं की प्रशिक्षणात नेमकं काय सांगितलं. देवानंदनं सांगितलं. सांगायला सुरुवात केली तेव्हा तो फक्त बाइटांबद्दल बोलत होता, पण मधे थांबता येईना आणि ट्रॅक्टरपर्यंत सगळं निघालं.

गीतांजली बराच वेळ कागद सरळ करत राहिली.

"म्हणजे त्यायनं सांगितलं अन् तुमी टाइप केलं."

"हो."

"सगळं माहीत असून."

"आयडी बंद होईन गीता. सहा महिने. शिष्यवृत्तीचे अर्ज आता सुरू होऊन राहिले. शटर खाली ओढून काय करू आपण?"

"काई बी करू. झेरॉक्स काढू." ती उठली, टेबलावरची सुकायला लागलेली शेवंती तिनं उचलली आणि त्याच्या कीबोर्डवर ठेवली. "हे तुमीच वाहा. माह्यानं होत नाई."

गुरुवारी सकाळी साडेसहाला देवानंद अकोल्याच्या बसस्थानकावर पोचला. खांद्यावर लॅपटॉप, खिशात पेन ड्राइव्ह. थंडी होती. अमरावतीची बस लागलेली होती, वाहक चहाला गेला होता. वामनराव आणि रागिणी फलाटाच्या कठड्यावर बसले होते, मधे एका माणसाची जागा सोडून. वामनरावांच्या मांडीवर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तो अर्ज होता.

वामनरावांना वाटलं देवानंद सोबत यायला आलाय. ते उठून उभे राहिले. देवानंदनं त्यांना बसायला सांगितलं आणि त्या मधल्या मोकळ्या जागेत लॅपटॉप ठेवून उघडला. काय बोलायचं ते त्यानं रस्त्यात जुळवलं होतं, पण ते सगळं विसरलं. त्यानं डावीकडच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की हा काकांनी काढलेला फोटो. उजवीकडच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की हा मी पाठवलेला. पहिले बाइट वाचून दाखवले. नाव जेपीजीचं आहे, आत जेपीजी नाही. नाव मी बदललं.

वामनरावांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. आकडे त्यांच्यासाठी आकडे होते. रागिणी मात्र पुढे वाकली होती.

"आमच्याकडे मातीच्या पिशवीवर चिठ्ठी बांधतात," ती म्हणाली, "अन् तीच चिठ्ठी पिशवीच्या आतबी टाकतात. वरची भिजते, तुटते, कोणी बदलवते. भांडण झालं का आतली पाहतात."

"हो. तसंच."

"तू वरची बदलवली."

"हो, ताई."

"आमच्याकडे कोणी असं केलं तर नमुना फेकून देतात. अन् माणसाले घरी पाठवतात."

वामनरावांनी मुलीकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे, मग देवानंदकडे.

"मंग धोतराचं काई नोतं?" त्यांनी विचारलं.

"काई नोतं, काका. तुमचा फोटो चांगला होता."

"घड्या?"

"घड्यायचंबी काई नोतं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. त्यांनी फोल्डरमधून अर्ज काढला, उलटसुलट पाहिला आणि आता याचं काय करायचं ते न कळल्यासारखा तसाच धरून ठेवला. रागिणीनं तो त्यांच्या हातातून घेतला. घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला, फाडला नाही.

"कधी कळलं तुले?" तिनं विचारलं.

इथे खोटं बोलता आलं असतं. काल, किंवा आज सकाळी.

"सोमवारी."

"अन् हा मंगळवारी टाइप केला."

"हो."

"सहा दिवस मी बाबासंग बोलली नाई," रागिणी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ते तू कोठून भरून देशील?"

वाहक आला. बस भरली. उंबरकार बाप-लेक पुढच्या सीटवर बसले, देवानंदला मागे जागा मिळाली. मूर्तिजापूर येईपर्यंत त्याला पुढच्या दोन डोक्यांची मागची बाजूच दिसत होती, एक पांढरी टोपी आणि एक शाल. बोलणं ऐकू येत नव्हतं. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा रागिणी उतरली आणि तीन नाही, दोन चहा घेऊन आली. देवानंदला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट तेवढं बरोबर झालं असं वाटलं.

कार्यालयात रश्मी गावंडेंच्या टेबलापुढे अकरा वाजता त्यांचा नंबर लागला. त्यांनी पेन ड्राइव्ह घेतला, दोन्ही फाइली उघडल्या, पोर्टलवरून उतरवलेल्या फाइलशी ताडून पाहिल्या. बारा बाइट जुळले. त्यांनी कबुलीचा छापील नमुना पुढे सरकवला आणि विचारलं की नाव तुम्ही बदललं की ऑपरेटरनं. बरीच केंद्रं ऑपरेटरचं नाव लिहून मोकळी होत होती.

"मीच," देवानंद म्हणाला आणि तसं लिहिलं. खाली रिकाम्या जागेत त्यानं आणखी दोन ओळी लिहिल्या, की ट्रॅक्टरच्या चित्राचा तो निरोप आपणच ग्रुपवर टाकला होता. रश्मीबाईंनी त्या ओळी वाचल्या आणि चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. सोमवारी तो कुठल्या रांगेत बसला होता ते आठवायचा त्या प्रयत्न करत असाव्यात. त्यांनी शिक्का मारला.

मग त्यांनी वामनरावांनी काढलेला मूळ फोटो पडद्यावर घेतला. रागिणी सरळ बघत होती, मागे धोतर होतं, खिळ्यांच्या बाजूला ताण पडून वर दोन लाटा उमटल्या होत्या. देवानंदनं विचारलं की मागचं नीट पुसून देऊ का, मी इथेच करतो.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "चेहरा स्पष्ट आहे, मागचं पांढरं आहे. हाच चालला असता."

त्यांनी फोटो लहान केला, जेपीजी म्हणून साठवला, पहिले तीन बाइट तपासले आणि रागिणीला बटण दाबायला सांगितलं. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं. पोचपावती छापून आली. वामनरावांनी ती हात लांब करून पाहिली. फोटोवर बोट ठेवून ते मुलीला काहीतरी म्हणाले. रागिणीनं मान हलवली आणि शालीचं टोक नाकाला लावलं. देवानंदनं तिकडे बघणं टाळलं.

जाताना वामनराव त्याच्यापाशी थांबले. त्यांनी टोपी सारखी केली आणि रागिणीच्या मागे गेले.

रश्मीबाईंनी पुढच्या माणसाला बोलावण्याआधी देवानंदला विचारलं, "तुमच्या केंद्रातून एवढा एकच होता?"

"आणखी पाच आहेत."

"उद्या पाचपर्यंत मुदत आहे. मूळ फोटो आहेत का?"

"आहेत. सगळे आहेत."

तो बाहेर येऊन पायऱ्यांवर बसला. सव्वाबारा झाले होते. आधी त्यानं केंद्रचालकांचा ग्रुप उघडला. दोन वर्षांपूर्वीचा तो निरोप माझा होता, तो चुकीचा आहे, फाइलचं नाव बदलू नका, ज्यांनी बदललं त्यांनी उद्या पाचच्या आत कबुली द्या, उमेदवारांची काही चूक नाही. असं लिहून खाली स्वतःचं पूर्ण नाव टाकलं. मिनिटभरात एकाचा अंगठा आला. त्यानं वाचलं नसावं. मग मूर्तिजापूरच्या नितेशचा निरोप आला, तूच होता का बे, आणि त्यानंतर कोणीच काही लिहिलं नाही.

गीतांजलीनं सकाळी पाच नावं आणि नंबर कागदावर लिहून त्याच्या खिशात घातले होते. शाई थोडी पसरली होती, पण वाचता येत होतं. पहिलं नाव पिंजरचा सहदेव. शनिवारी दुकानातून जाताना त्यानं आपल्या बायकोला सगळ्यांसमोर झापलं होतं, कारण फोटो तिनं काढला होता.

फोन बराच वेळ वाजला. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला आणि मग एका बाईचा, की ते वावरात हाय, काय काम होतं.

"तुमीच काढला होता ना वहिनी फोटो? अर्जाचा?"

सावध आवाजात ती म्हणाली, "हो. काहून?"

"मी अकोल्याहून देवानंद तेलगोटे, ऑनलाइनवाला," तो म्हणाला. "भाऊले नंतर सांगतो, आधी तुमाले सांगतो. तुमचा फोटो चांगला होता."